पदवी आणि अन्यथाज्ञान

विद्यापीठाची पदवी हाती आली म्हणजे अध्ययन संपले काय, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याजोगाही वाटत नाही. पदवीदानाच्या प्रत्येक समारंभात शिक्षण आजन्म चालते असे सांगितले जाते, श्रोते माना डोलावतात आणि त्या विधानाला विरोध करणारा एकही मनुष्य सभागृहात सापडत नाही. तरीही त्याच सभागृहातून बाहेर पडलेल्या पदवीधरांपैकी किती जण पाच वर्षांनंतर आपल्याच विषयाचा एखादा नवा ग्रंथ उघडून बसलेले आढळतील, याचा विचार केला तर मन साशंक होते. जे तत्त्व सर्वांना मान्य आहे आणि आचरणात मात्र क्वचितच दिसते, त्या तत्त्वाच्या स्वीकारातच काही दोष राहून गेलेला असतो. तो दोष कोणता, हे पाहणे येथे अभिप्रेत आहे.

सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे की, संसार आडवा येतो. नोकरी लागते, घरची जबाबदारी पडते, सवड उरत नाही. हे उत्तर खोटे नाही. परंतु पुरेसेही नाही. ज्याला वाचावयास सवड नाही त्याला मत देण्यास सवड असते, हे कोणत्याही कचेरीत, चावडीवर अथवा लग्नाच्या मांडवात पाहावयास मिळते. वेळेचा अभाव हेच कारण असते तर मनुष्य वाचनाबरोबर बोलणेही कमी करता. तसे घडत नाही. तेव्हा कारण घड्याळात शोधण्याऐवजी ज्ञानाच्या स्वरूपातच शोधले पाहिजे.

जीवाच्या बंधाचे निरूपण करताना परमार्गाच्या शास्त्राने अज्ञानाबरोबर अन्यथाज्ञान ही निराळी संज्ञा योजिली आहे. अज्ञान म्हणजे वस्तू न कळणे. अन्यथाज्ञान म्हणजे वस्तू आहे त्याहून वेगळी कळणे, आणि ती तशीच आहे असा निश्चय असणे. अंधारात दोरी पडली आहे. एकाला काहीच दिसत नाही. तो म्हणतो, 'दिवा आणा.' दुसऱ्याला तेथे साप दिसतो. तो दिवा मागत नाही, काठी मागतो. दोघांनाही दोरी कळलेली नाही; पण पहिल्याच्या न कळण्यातून प्रश्न निघतो, दुसऱ्याच्या कळण्यातून कृती निघते. अज्ञानी मनुष्य विचारतो म्हणून त्याची सुटका सुलभ आहे. अन्यथाज्ञानी विचारीत नाही, कारण विचारण्यासारखे काही उरले आहे असे त्याला वाटतच नाही.

शास्त्रातील संज्ञा लौकिक विषयाला लावताना सावधगिरी बाळगली पाहिजे, हे खरे. ब्रह्मविद्येचे प्रयोजन मोक्ष आहे आणि विद्यापीठाच्या विद्येचे प्रयोजन व्यवहार आहे. एकीची परिभाषा दुसरीत सरसकट ओतली तर दोहोंचा घोटाळा होतो. परंतु येथे घ्यावयाचा आहे तो केवळ भेद. पदवीधराचे अध्ययन थांबते ते अज्ञानामुळे नव्हे, अन्यथाज्ञानामुळे, एवढेच प्रतिपाद्य आहे. पदवीपूर्वी विद्यार्थ्याला आपण जाणत नाही याची जाणीव असते. परीक्षेचे भय ती जाणीव जागी ठेवते. पदवीनंतर परीक्षक निघून जातो आणि कळलेले तेवढे खरे असा निश्चय मागे राहतो. अध्ययनाचा नैतिक भाग आरंभतो तो येथे, परीक्षक उठून गेल्यावर.

श्रीकेशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत आहे. त्याचे दार्ष्टांतिक वेगळे व पुष्कळ खोल आहे. येथे दृष्टांताचा बाह्य भागच पाहावयाचा. प्रत्येक आंधळा हत्तीच्या एकेका अवयवाला हात लावतो आणि हत्ती तसाच असे सांगतो. या गोष्टीचा उपयोग बहुधा 'प्रत्येकाला थोडेच कळते' एवढे सांगण्यापुरता केला जातो. पण थोडे बारकाईने पाहिले तर ध्यानात येते की, त्या आंधळ्यांपैकी एकही जण ऐकीव गोष्ट सांगत नव्हता. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने स्पर्श केला होता. प्रत्येकाजवळ प्रत्यक्ष प्रमाण होते. त्यांचे चुकले ते स्पर्शात नव्हे, स्पर्शानंतर हात तेथेच ठेवण्यात. ज्याच्या हाती पाय आला त्याने चार पावले सरकून दुसऱ्या बाजूला हात फिरविला असता तर त्याला सोंडही लागली असती. सरकला नाही, कारण हाती जे लागले होते ते खोटे नव्हते. अर्धे खरे असलेले ज्ञानच मनुष्याला जागच्या जागी खिळवून ठेवते. विद्यापीठातील एकेका विद्याशाखेत तीन-चार वर्षे घालविलेल्या विद्यार्थ्याची अवस्था याहून फारशी निराळी नसते. त्याला शिकविलेले खोटे नसते, म्हणूनच ते पुरेसे वाटते.

हे केवळ तर्काने नव्हे, अलीकडच्या इतिहासानेही दाखविता येते. जठर व आतड्याच्या आरंभी होणारे व्रण, ज्यांना लोक अल्सर म्हणतात, ते काळजी, तिखट आहार आणि पोटातील आम्ल यांमुळे होतात, असे विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकविले जात असे. १९८० साली ज्या विद्यार्थ्याने परीक्षेत हे उत्तर लिहिले त्याला गुण मिळाले, आणि ते योग्यच होते. कारण त्या काळच्या ग्रंथांत तेच होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना या विकारात जठरामध्ये एक वक्राकार जंतू सातत्याने आढळला. जठराच्या आम्लात जंतू टिकूच शकत नाहीत अशी बहुतेकांची समजूत असल्याने त्यांच्या म्हणण्याला फारशी दाद मिळाली नाही. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले आणि जठराचा दाह ओढवून घेतला. पुढे हळूहळू मत पालटले. बहुसंख्य व्रणांचे मूळ तो जंतू असून प्रतिजैविकांच्या थोड्या दिवसांच्या उपचाराने ते बरे होतात हे मान्य झाले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रसंगात विचार करावयाचा तो वॉरेन-मार्शल यांचा नव्हे. त्यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. विचार करावयाचा तो १९८० साली उत्तीर्ण झालेल्या त्या सामान्य, प्रामाणिक डॉक्टराचा. त्याने अभ्यास केला होता, त्याचे गुरुजन विद्वान होते, त्याच्या उत्तराला गुण मिळाले होते. त्याने पुढे वाचणे थांबविले तर त्याची स्वतःची हानी काय? काहीच नाही. दवाखाना चालत राहिला, मान मिळत राहिला. हानी झाली ती त्याच्या रुग्णाची. जो विकार थोड्या दिवसांत बरा व्हावयाचा तो वर्षानुवर्षे पथ्य आणि आम्लशामक गोळ्या यांवर रेटला गेला. 'काळजी करू नका' असा उपदेश ऐकत कोणी शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचला. पदवीधराच्या अन्यथाज्ञानाची किंमत पदवीधर देत नाही. ती त्याच्यावर विश्वासून बसलेला मनुष्य देतो. आजन्म अध्ययन हा व्यक्तिगत उत्कर्षाचा, बढतीचा किंवा हौसेचा विषय आहे असे जे बहुधा मांडले जाते, ते म्हणूनच अपुरे आहे. हा ऋणाचा विषय आहे.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून ताजे उदाहरण देता येते. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंडसंहिता जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया आणि साक्षीपुरावा यांचे कायदेही त्याच दिवशी बदलले. दीडशेहून अधिक वर्षे 'तीनशे दोन' म्हणजे खून, हे वकिलालाच काय, चित्रपट पाहणाऱ्या मुलालाही पाठ होते. नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. आणि कलम ३०२ रिकामे नाही, ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. आकडा तोच, अर्थ मात्र निराळा. अन्यथाज्ञानाचा याहून सरळ नमुना शोधून सापडणार नाही. शिवाय त्या तारखेपूर्वी घडलेल्या अपराधांना जुनाच कायदा लागू असल्याने जुने विसरूनही चालत नाही; जुने कोठे संपते आणि नवे कोठे आरंभते हेही जाणावे लागते. २०२० मध्ये उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला वकील त्या गुणपत्रिकेवर आज उभा राहू शकत नाही, आणि यात त्याच्या महाविद्यालयाचा काडीचाही दोष नाही.

कृषी पदवीधराची गोष्ट विदर्भाला वेगळी सांगावयास नको. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे सांगितले गेले, आणि काही वर्षे अनुभवही तसाच आला. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला सरावली. २०१७ च्या हंगामात तिने कापसाचे पीक पोखरले, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती आणि ती सर्व एका गोष्टीवर ढकलणे अन्यायाचे होईल. परंतु कोणते औषध किती, कोणात मिसळू नये, अंगावर काय घालावे, हे जाणणारा आणि ते बांधावर जाऊन सांगणारा मनुष्य पुरेशा संख्येने तेथे नव्हता, एवढे म्हणावेच लागते.

भारतीय संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचे कलम ५१ क समाविष्ट झाले. त्यात विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि मानवतावाद यांबरोबर जिज्ञासा व सुधारणा यांची वृत्ती वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. जिज्ञासेला हक्क न म्हणता कर्तव्य म्हटले, ही गोष्ट लक्षणीय होय. हक्क न वापरण्याची मोकळीक असते. कर्तव्याला ती नसते.

आता पूर्वपक्ष असा उभा राहतो. अध्ययन जर संपतच नसेल तर आचरण केव्हा करावयाचे? जो सदैव शिकत राहतो तो करीत कधी नाही. आणखी एक ग्रंथ वाचू, आणखी एका जाणत्याला विचारू, मग पाहू, असे म्हणत जन्म घालविणारे लोक थोडे नाहीत. अध्ययन हे त्यांचे कर्तव्यापासून पळण्याचे साधन असते. हा पूर्वपक्ष दुर्बळ नाही. उलट, आजन्म शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी याकडे बहुधा काणाडोळा केलेला आढळतो. आजकाल तर पदव्यांच्या मागे पदव्या आणि प्रमाणपत्रांच्या मागे प्रमाणपत्रे जमविणे हाच एक व्यवसाय होऊन बसला आहे. भिंतीवर चौकटी वाढतात आणि मनुष्य आहे तेथेच राहतो.

याचे उत्तर असे की, अध्ययनाला आचरणाचा विरोध तेव्हाच येतो जेव्हा प्रश्न ग्रंथातून निघतात. ते आचरणातून निघाले तर विरोध राहत नाही. विचार आणि आचार या दोन गोष्टी परमार्गात एकमेकींना धरून सांगितल्या गेल्या, त्याचे मर्म हेच. स्मरण आणि भिक्षा यांबरोबर अटन आणि विजन हीही साधकाला विहित आहेत. फिरणाऱ्याला वाटेत जे भेटते त्यातून प्रश्न उपजतात आणि एकांतात त्यांचा निवाडा होतो. केवळ फिरणारा भटका ठरेल, केवळ बसणारा गोठून जाईल. डॉक्टराचा प्रश्न बऱ्या न होणाऱ्या रुग्णापासून निघाला, शिक्षकाचा प्रश्न न समजणाऱ्या मुलापासून निघाला, तर ते अध्ययन कृतीला लांबणीवर टाकीत नाही, कृतीची चूक दुरुस्त करते. पदवीधराने 'आणखी काय शिकू?' असे विचारण्यापेक्षा 'कालच्या कामात कोठे अडले?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला अंत नाही. दुसऱ्याला त्या दिवसापुरता अंत असतो, आणि म्हणूनच तो पेलता येतो.

या बाबतीत श्रीम्हाइंभटांचे चरित्र जितके बोलके आहे तितके दुसरे क्वचितच असेल. सराळ्याचे हे पंडित शास्त्रे शिकलेले, आणि परंपरेने सांगितले आहे त्याप्रमाणे विद्येचा अभिमान वाहणारे होते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींकडे ते आले ते शिकावयास नव्हे, वाद करावयास. तेथे त्यांच्या विद्येचा निरास झाला आणि ते अनुसरले, एवढा भाग सर्वांच्या तोंडी असतो. विद्वान पंडित नमला ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्यालाही सुख होते, म्हणून बहुधा कथन तेथेच थांबते. परंतु म्हाइंभटांचे खरे अध्ययन त्यानंतरचे आहे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर त्यांच्या लीळा शिष्यांच्या आठवणीत तेवढ्या उरल्या होत्या. कोणाजवळ एक, कोणाजवळ दहा. त्या एकत्र करण्याचे काम म्हाइंभटांनी हाती घेतले. यासाठी लागणारी विद्या त्यांना कोणत्याही पाठशाळेत मिळालेली नव्हती. पंडिताची सवय प्रतिपादन करण्याची असते. येथे विचारावे लागत होते. पंडिताला ग्रंथाचे प्रामाण्य ठाऊक असते; येथे प्रमाण होते ते ज्याने डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले त्याचे, मग तो शास्त्र जाणणारा असो वा नसो. श्रीनागदेवाचार्यांजवळ बसून, आणि ज्यांच्या ज्यांच्या देखत लीळा घडल्या त्यांच्या त्यांच्याकडे जाऊन, त्यांनी ऐकले, पडताळले, लिहिले. सांगणाऱ्यांत स्त्रिया होत्या, वृद्ध होते. शास्त्रार्थात ज्यांच्याशी एरव्ही त्यांनी शब्दही खर्च केला नसता, त्यांच्यापुढे म्हाइंभट विद्यार्थी होऊन बसले. शके १२०० च्या सुमारास जे सिद्ध झाले ते लीळाचरित्र, मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. ज्या विद्येच्या बळावर ते वादाला आले होते तिचा एकही स्वतंत्र ग्रंथ त्यांच्या नावे आज कोणाच्या स्मरणात नाही. दुसऱ्यांना विचारून जे लिहिले तेच राहिले.

येथे महदाइसेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तेराव्या शतकातील ही विधवा स्त्री. तिला पाठशाळा नव्हती, पदवीची तर गोष्टच नको. तिच्याजवळ होते ते प्रश्न. ती विचारीत राहिली, आणि तिच्या जिज्ञासेचे स्वामींनी कौतुक केल्याचे लीळांतून दिसते. तिचे धवळे आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात नेमले जातात. जिला विचारण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता ती, आणि ज्याला विचारण्याची गरज वाटत नव्हती असा पंडित, हे दोघे एकाच गुरूच्या परिवारात आले. दोहोंपैकी अधिक कठीण वाट कोणाची होती? पंडिताची, असे म्हणावेसे वाटते. तिला केवळ नवे घ्यावयाचे होते. त्याला आधी जुने हातातून सोडावयाचे होते.

दुसरा आक्षेप उपजीविकेचा. ज्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी दोन एकर शेत गहाण टाकून त्याला शिकविले त्याला आजन्म अध्ययनाचा उपदेश करणे ही थट्टा नव्हे काय? असा विद्यार्थी नोकरी शोधील, आणि शोधलीच पाहिजे. आधी घरचे ऋण, मग इतर. परंतु उपजीविका आणि अध्ययन एका घरात नांदू शकत नाहीत हे गृहीतच तपासण्यासारखे आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे व्यवसायाने वकील होते. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९३० मध्ये, वयाच्या पन्नाशीत निघाला. अखेरचा १९६२ मध्ये, वयाची ब्याऐंशी वर्षे झाल्यावर. मधल्या काळात न्यायालय होते, १९४७ पासून दोन वर्षे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही होते. काण्यांची बुद्धी सर्वांना नसते, हे मान्य. पण त्यांनी वापरलेली पहाट सर्वांना असते.

डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचेही तसेच. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९३५ मधला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळून निवृत्त झाल्यानंतर, १९७८ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र प्रसिद्ध झाले. त्या संपादनातील काही पाठांविषयी पंथात आक्षेप निघाले आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. त्या मतभेदाने एक गोष्ट मात्र झाकली जाऊ नये. एका विषयापाशी मनुष्य चाळीस वर्षांहून अधिक काळ बसला, आणि पद गेल्यावर उठला नाही.

तिसरा आक्षेप अगदी आजचा आहे. २०२२ च्या अखेरीपासून, प्रश्न टाकताच क्षणात सफाईदार उत्तर लिहून देणारी संगणकीय साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. आता शिकण्याची गरजच काय, असे विचारणारा विद्यार्थी उद्धट नसतो. त्याला खरोखर शंका असते. तिचे उत्तर वरील भेदातच आहे. अशी साधने अज्ञान वेगाने दूर करतात, यात संशय नाही. परंतु ती खरे आणि चुकीचे एकाच स्वरात सांगतात, म्हणून अन्यथाज्ञानही तितक्याच वेगाने वाढवू शकतात. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला ती चूक ओळखता येत नाही, आणि ज्याला सर्व ठाऊक आहे असे वाटते तो ओळखण्याच्या भानगडीत पडत नाही. म्हाइंभटांच्या कामाचा कणा होता तो 'हे कोणी पाहिले? कोणी सांगितले?' हा प्रश्न. उत्तर मिळविणे दुर्मिळ असलेल्या काळात तो प्रश्न जितका आवश्यक होता, त्याहून उत्तरे फुकट मिळणाऱ्या काळात अधिक आवश्यक आहे.

परंपरा सांगते की, लीळाचरित्राची मूळ प्रत पुढे धामधुमीच्या काळात नष्ट झाली, आणि हिराइसेसारख्यांच्या पाठांतरावरून तो ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. पाठ वेगवेगळे निघाले. निरनिराळ्या वासनांचे हे पाठभेद पुसून टाकण्याऐवजी पंथाने जपून ठेवले, आणि अमुक जण असे सांगतात, अमुक जण तसे, अशी नोंद आजही अभ्यासकाला वाचावयास मिळते. आपल्याला निश्चित कळलेले नाही हे लिहून ठेवणारी परंपरा आणि आपले उत्तर एकमेव आहे असे मानणारा पदवीधर यांत अधिक शिकलेला कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

अर्थात पंथाच्याही इतिहासात दारे बंद झाल्याचा काळ आहे, आणि तो सांगितल्यावाचून हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. चौदाव्या शतकापासून ग्रंथ सकळ आणि इतर सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. त्या लिप्यांनी ग्रंथ राखले, हे निर्विवाद आहे. पण त्यांनी विचारणाऱ्यालाही बाहेर ठेवले, आणि न विचारल्यामुळे बाहेर जे अन्यथाज्ञान पसरले त्याचे चटके पंथाने कित्येक पिढ्या सोसले. विसाव्या शतकाच्या आरंभी काही महंतांनी पोथ्या उघडल्या, वि. का. राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लिपीची उकल केली, आणि मराठीचा एक मोठा वाङ्मयप्रदेश उजेडात आला. उघडणाऱ्या त्या महंतांचे धैर्य उकल करणाऱ्यांच्या बुद्धीइतकेच मोलाचे मानले पाहिजे. त्यांना शतकांची सवय सोडावी लागली होती.

ज्या रिद्धपुरात श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात हा परिवार राहिला आणि जेथे लीळा जमविल्या गेल्या, तेथेच २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. आता तेथेही प्रवेश होतील, परीक्षा होतील, पदव्या दिल्या जातील. सकळ लिपीतील पोथीला हात घालणारा विद्यार्थी, मग तो कितीही पदव्या घेऊन आलेला असो, पहिल्या दिवशी एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वाचावयास शिकतो. समोर देवनागरीसारखे ओळखीचे अक्षर दिसते आणि त्याचा उच्चार निराळाच करावयाचा असतो. जुनी ओळख मध्ये येते, ओळ चुकते, आणि बाळबोध गिरविणाऱ्या मुलाप्रमाणे तो बोट ठेवून पुन्हा आरंभापासून वाचू लागतो.